होडीला छप्पर घालताना: केबिन, हॅच आणि पाण्याची वाट

होडीचा सांगाडा उभा राहिला, तळ आणि बाजू प्लायने बंद झाल्या, केबिनच्या भिंतीही उभ्या झाल्या, की घरी होडी बांधणाऱ्याला वाटायला लागतं, आता काय, वर झाकण टाकलं की झालं. मी घरात अगदी असंच बोलून बसलो होतो. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याजवळ भाड्याची पत्र्याची शेड, आत वीस फुटी शिडाची होडी, प्लाय आणि इपॉक्सीची (इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळले की घट्ट होणारा चिकट द्रव). नोव्हेंबर चालू होता. "जानेवारीत पाण्यात," मी जाहीर केलं. त्या झाकणालाच एप्रिल उजाडला. तोवर सोसायटीत माझं नाव मनू पडलं होतं, "पूर कधी येतोय?" हा लिफ्टमधला रोजचा प्रश्न.

ज्यांच्या केबिनला भिंती आहेत पण वर बघितलं की अजून शेडचा पत्राच दिसतो, त्यांच्यासाठी हा लेख. मापं माझ्या होडीची आहेत: केबिनची लांबी २.१ मीटर, रुंदी मागे १.८ आणि पुढे १.३ मीटर. तुमच्या नकाशात वेगळं लिहिलं असेल तर नकाशाचं ऐका, माझं नाही.

आयुष्यभर मच्छीमारी होड्या बांधलेले एक म्हातारे मिस्त्री शेडमध्ये अधूनमधून डोकावायचे. माझा हॅचचा, म्हणजे छपरातून आत-बाहेर करायच्या झाकणवाल्या दाराचा, नकाशा बघून ते म्हणाले, "पान्याला आरवू नको रं, त्याला जावाला वाट दे." मी मान डोलावली आणि रबर, सिलिकॉन, घट्ट कड्या यांची यादी करत राहिलो. काका काय म्हणत होते ते पुढच्या पावसात कळलं. प्लायचं सलग छप्पर सहसा गळत नाही. गळतात त्यातली भोकं: हॅच, बोल्ट, डोलकाठीचा पाया. आणि भोकावर नुसतं रबर दाबून पाणी फार दिवस थांबत नाही. कोकणातल्या घराचं कौल पाणी अडवून धरत नाही. पुढच्या कौलावर सोडतं, तिथून पन्हळीत, तिथून अंगणात. हॅच तसाच बांधायचा असतो.

मुहूर्त

इपॉक्सीचं काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि होळीपर्यंत छपरावर काचकापड, म्हणजे काचतंतूंचं कापड, चढलेलं असावं. मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, पण त्रास त्याआधीच सुरू होतो. दमट हवेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीवर एक मेणचट साय धरते आणि तिच्यावर पुढचा थर नीट चिकटत नाही. साय धरलीच तर साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन आधी धुवून काढा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट क्रमाने केलंत तर ती साय पृष्ठभागात आणखी घासली जाते.

दुसरी गोष्ट दिवसातल्या वेळेची. ऊन चढत असताना लाकडातली हवा फुगते आणि ताज्या थरातून बुडबुडे वर येतात. सकाळी उत्साहाने लावलेला थर दुपारी बघितला तर जाळीदार घावनासारखा दिसतो. म्हणून ऊन उतरायला लागल्यावर, चारच्या सुमारास सुरुवात करायची आणि दव पडायच्या आत संपवायचं. हातात दोन-अडीच तास मिळतात. तेवढ्यात बसेल एवढंच काम काढा.

मिस्त्री हवा असेल तर कोळीवाड्याचं पंचांग बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सगळी डागडुजी तेव्हाच निघते. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या पंधरवड्यात तुमच्या हौशी होडीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सामान

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच. हे मरीन प्लायचं भारतीय मानक, या दर्जाच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. शिक्क्यावरही पूर्ण विश्वास टाकू नका. एक तुकडा कापून घरी दिवसभर उकळा. थर सुटले तर शीट परत. कडेवर टिचकी मारत जा, आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. छप्पर ६ मिमीच्या दोन थरांचं, म्हणजे एकूण १२ मिमी, त्याला चार शीट लागतात. कागदावर हिशोब केला तर तिनात भागेल असं वाटतं, पण दुसऱ्या थराच्या बाजूच्या पट्ट्या दीड सेंटीमीटर कमी पडतात. चौथी आणा, तिच्यातून हॅचची झाकणं निघतात.

छपराला खालून आधार देणाऱ्या आडव्या कमानींसाठी मी जुना साग घेतला, पाडलेल्या घरांच्या चौकटींचा. वाळून वाळून शांत झालेलं लाकूड, पण आत मोडक्या खिळ्यांचा खजिना. करवतीवर चढवण्याआधी चांगला लोहचुंबक फिरवा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या जरा आधी ताजा पॉलिश पेपर आणि मग ॲसिटोनचा स्वच्छ फडका.

काचकापड म्हणजे विणलेलं कापड, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. फायबरच्या टाक्या बनवणारे तुम्हाला 'मॅट' देतील, ती घेऊ नका. तिच्यातल्या तंतूंना धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळावा म्हणून केलेला असतो. इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही.

बोल्ट-स्क्रूसाठी मुंबईत रे रोडला, दारूखाना नावाच्या लोखंड-भंगाराच्या बाजारात, एक शनिवार काढा. स्टेनलेस ३१६ ग्रेडचं मागा. चुंबक लावून '३१६ आहे' असं पटवणारा दुकानदार भेटेल. ३०४ सुद्धा चुंबकाला जवळजवळ तसंच उत्तर देतं. फरक ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममध्ये आहे, आणि ते ओळखणारं थेंबाचं रसायन मिळतं.

आणि हातमोजे. नायट्राइलचे, डब्याने. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की आयुष्यभर सोडत नाही. हाताला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं, साबणाने धुवा.

एकच बाक, सगळ्या कमानी

छपराला बाक लागतोच. पाणी निथळतं, डोक्याला जागा मिळते आणि पातळ प्लाय ताठ होतं. माझ्या होडीला मागच्या टोकाशी, १.८ मीटर रुंदीत, १०० मिमी बाक आहे, म्हणजे मध्य कडांपेक्षा तेवढा उंच. त्रिज्या काढायची रीत सोपी: रुंदीचा वर्ग भागिले बाकाची आठपट, अधिक बाकाचा निम्मा. १८०० चा वर्ग भागिले ८०० म्हणजे ४०५०, त्यात ५० मिळवले की ४१०० मिमी.

ही ४.१ मीटरची त्रिज्या पुढेपर्यंत एकच ठेवा. पुढे रुंदी कमी म्हणून बाक आपोआप ५२ मिमी होतो. प्रत्येक कमानीला वेगळा सुंदर बाक द्यायचा मोह मला झाला होता. तसं केलं तर प्लायला दोन दिशांनी वळावं लागतं आणि ते ऐकत नाही. त्रिज्या एक असली की छप्पर नळकांड्याच्या तुकड्यासारखं, कागद गुंडाळावा तसं बसतं. शिवाय सगळ्या कमानींना एकच साचा चालतो.

साचा आखायला दोरी नको, ती ताणते. सरळ लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, ४.१ मीटरवर पेन्सिलीपुरतं भोक. शेडच्या जमिनीवर आखून त्या रेषेवर जाड प्लायचे ठोकळे स्क्रूने बसवा आणि ठोकळ्यांना पॅकिंगची चिकटपट्टी लावा, नाहीतर कमान साच्यालाच जन्मभर चिकटेल.

कमान सहा पट्ट्यांची: प्रत्येक ६ मिमी जाड, ३० मिमी रुंद. साच्यातून काढल्यावर कमान थोडी उलगडते. किती, ते थरांच्या संख्येच्या वर्गावर ठरतं. सहा थरांत छत्तिसावा हिस्सा, म्हणजे १०० मिमीत तीनच्या आतबाहेर. तीनच थर घेतलेत तर अकरा मिमी. म्हणून थर जास्त घ्या आणि उलगड विसरून जा.

इपॉक्सी वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने कधीच नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा फेव्हिकॉलच्या सवयीचा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं तर ते कायम चिवट-मऊ राहतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो. मिसळलेलं इपॉक्सी उंच कपात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. माझा एक कप मार्चमध्ये धूर सोडत वितळला होता.

दाटपणा कसा ओळखायचा? आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने दोन्ही बाजूंना पाजायचं. मग त्यात सिलिकाची पूड घालून श्रीखंड करायचं, ते चिकटवायला. कोपरे भरायला चक्क्याइतकं घट्ट, चमचा उभा राहील असं. क्लॅम्प हाताने आवळा, जीव खाऊन नाही. सगळं श्रीखंड बाहेर पिळलं गेलं तर सांध्यात काही उरत नाही.

भिंतींचा माथा तासणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच छप्पर बसतं किंवा बिघडतं. छपराची मधली रेषा सरळ ठेवली तर भिंतींचा माथा मागच्यापेक्षा पुढे सुमारे ४८ मिमी वर येतो. माथ्याचा उतारही बदलत जातो: भिंती ओळंब्यात उभ्या असतील तर मागे साधारण १३ अंश, पुढे ९. हे कोन मोजत बसू नका. भिंतींच्या माथ्याला आतून सागाची पट्टी चिकटवलेली असेलच. तिच्यात खाचा करून कमानी बसवा. कमानींमधलं अंतर ४०० मिमीच्या आसपास. मग एक लवचीक पट्टी कमानींवर आडवी टाका, दोन्ही टोकं भिंतीबाहेर येऊ द्या आणि ती जिथे सांगेल तिथे रंधा मारा.

संध्याकाळी शेडचे दिवे बंद करून केबिनच्या आत टॉर्च लावायची आणि बाहेरून पट्टीखाली बघायचं. जिथे उजेडाची फट दिसते, तिथे शेजारचा भाग उंच आहे. पेन्सिलीने खूण, रंध्याचे दोन हात, परत पट्टी. मला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी पट्टी पुढून मागे सरकवत नेली तेव्हा ती कुठेच टकटकली नाही, नुसती सुळकन गेली. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हॅचच्या चौकटी छपराआधी

भोकं नंतर कापायची असली तरी त्यांच्या चौकटी आत्ताच बसवायच्या. दाराच्या चौकटीला बाह्या असतात तशा, हॅचच्या दोन्ही अंगांना लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बाह्या लागतात. मधली कमान भोकातून जात असेल तर ती तोडून तिची अर्धी अर्धी टोकं बाह्यांमध्ये खाच करून बसवावी लागतात. तोडण्याआधी साच्यावर एक जादा कमान करून ठेवा आणि ती तात्पुरती खालून स्क्रूने आवळा, नाहीतर तोडल्याबरोबर तिथला बाक सपाट होतो. ही खोटी कमान छप्पर चिकटून सुकेपर्यंत राहू द्या.

डोलकाठी छपरावर उभी राहणार असेल तर तिच्याखाली थेट तळाच्या कण्यापर्यंत खांब हवा. शिडाला वारा लागल्यावर दोऱ्यांचा सगळा ताण डोलकाठी खाली दाबते, आणि १२ मिमी प्लाय ते पेलत नाही. पुढेमागे जिथे जिथे बोल्ट येणार, म्हणजे हाताचे कठडे, दोरीची खुंटी, कप्पी, तिथे खालून प्लायचे ठोकळे आधीच लावा आणि त्यांच्या जागा वहीत मापासकट लिहा. छप्पर बसल्यावर हे ठोकळे वरून दिसत नाहीत. मी लिहिलं नव्हतं. नंतर छप्पर ठोकून आवाजावरून शोधत बसलो, नारळ पारखावा तसा.

हॅचचं माप ठरवताना पुठ्ठ्याची चौकट करा, लाइफ जॅकेट घाला आणि तिच्यातून वर या. माझा पुढचा हॅच नकाशात ४५० मिमीचा होता. पुठ्ठ्यातून जॅकेटसकट आलो तेव्हा पुठ्ठा माझ्या काखेत अडकून सोबत आला. ५२० केला.

छप्पर चढवणं

त्याआधी केबिनमध्ये जे मोठं जायचंय ते आत घाला. पाण्याची टाकी, बॅटरीचा खोका, लांब फळ्या. आणि होडी शेडच्या दारातून बाहेर येईल ना, हे आत्ताच मोजा, ट्रॉलीच्या उंचीसकट.

पहिल्या थराच्या दोन शीट लांबीच्या दिशेने, सांधा बरोबर मधल्या रेषेवर. तिथे खालून ७० मिमी रुंद पट्टी हवी. त्यांची खालची बाजू आधीच जमिनीवर इपॉक्सीचे दोन हात देऊन रंगवून घ्या, फक्त कमानी आणि भिंती जिथे टेकतात तेवढ्या जागा कोऱ्या ठेवा. केबिनमध्ये पाठीवर पडून छत रंगवायचा अनुभव घ्यायचाच असेल तर तुमची मर्जी.

एकदा सगळं कोरडं बसवून बघा, स्क्रूची भोकं पाडा, शीट उतरवा आणि मगच श्रीखंड लावा. दोन माणसं लागतात, तीन असली तर भांडण कमी होतं. स्क्रू तात्पुरते, दर १५० मिमीवर, खाली प्लायचा चौकोनी तुकडा वायसरसारखा. प्रत्येक स्क्रू मेणबत्तीवर घासा म्हणजे दुसऱ्या दिवशी निघतो. तरी एखादा अडलाच तर डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा. स्क्रू आत ठेवायचे नाहीत, कारण ओल्या लाकडात हवा न मिळालेलं स्टेनलेसही गंजतं.

दुसऱ्या थरात एक पूर्ण शीट मधोमध आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. इपॉक्सी पसरायला फरशीवाल्याची खाचेची थापी उत्तम. मला दोन किलोच्या आसपास लागलं. स्क्रू मधून सुरू करून कडांकडे जा, नाहीतर मध्ये हवेचा फुगा अडकतो.

कोणी म्हणेल, सरळ १९ मिमी प्लाय टाक, भक्कम होईल. १२ मिमीच्या या छपराचं प्लायच तीस किलोच्या घरात जातं. १९ मिमीचं पन्नासाजवळ. ते वीस किलो होडीच्या सगळ्यात वरच्या भागात, जिथे ते होडीला कलंडायला मदत करतात. ताकद हवी तर कमान वाढवा, जाडी नाही.

सुकल्यावर कडा रंधून बाहेरची कड ८ ते १० मिमी गोल करा. काचकापड तीक्ष्ण कडेवरून वळत नाही, उचलतं. कापड भिंतीवर ६० मिमी खाली येऊ द्या. इपॉक्सी पाजल्यावर ते पारदर्शक होतं. पांढुरका डाग म्हणजे तिथे कोरडं, आणि कापड तरंगून चकाकत असेल तर जास्त झालं. जादाचं जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढून काढा.

सरकता हॅच

मागच्या बाजूने केबिनमध्ये उतरायचं दार असतं, त्याचा वरचा भाग म्हणजे हा हॅच. भोक असं कापा: आतून बाह्यांच्या चार कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडून वर खुणा काढा, जिगसॉने रेषेच्या आत पाच मिमी ठेवून कापा आणि उरलेलं बेअरिंगवाल्या ट्रिमरने बाह्यांना लागून सफाईने उतरवा. कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यातूनच चीर जाते.

भोकाच्या दोन्ही बाजूंना सागाच्या पट्ट्या उभ्या करायच्या, ४० मिमी उंच. हाच रूळ. झाकण छपराच्याच साच्यावर दोन थरांचं बनवायचं आणि त्याला दोन्ही बाजूंनी खाली वळणारे पाय लावायचे, जे रुळांच्या बाहेरून उतरतात. म्हणजे वरचं पाणी रुळाच्या बाहेर छपरावर पडतं. पायांच्या आत, रुळाच्या वरच्या ओठाखाली सरकणारी पट्टी असली की वारा झाकण उचलत नाही. भोकाच्या पुढच्या कडेला ६० मिमीचा आडवा उंबरठा आणि झाकणाच्या पुढच्या काठाखाली एक उलटी पट्टी. झाकण बंद झालं की दोघं एकमेकांत अडकतात, दोन हातांची बोटं अडकावीत तशी. झाकण उघडल्यावर ज्याच्या पोटात शिरतं ती बुटकी पेटी पुढे बांधायची, आणि तिच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांत खाली भोकं ठेवायची. लाट पेटीत शिरणारच. तिला बाहेर जाता आलं पाहिजे. मी ही भोकं आधी विसरलो होतो आणि झाकण उघडताना पेटीतलं पाणी थेट मानेवर यायचं.

आता फटीबद्दल. मी फेब्रुवारीत झाकण बसवलं, दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर फट, ड्रॉवरसारखं सुंदर सरकायचं. येणाऱ्या जाणाऱ्याला सरकवून दाखवायचो. जुलैत ते अर्ध्यावर अडकलं. सागाचे रूळ आणि पाय आडव्या अंगाने फुगले, वर रंगाचे तीन थर. खांदा लावून उघडलं तेव्हा एक पाय सुटून हातात आला. दोन्ही बाजूंना तीन मिमी फट ठेवा. गळेल ही भीती नको, पाणी तिथवर पोचतच नाही. रुळावर घासायला पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या लावा. भांड्यांच्या दुकानातला भाजी चिरायचा जाड पांढरा बोर्ड कापला की झालं. नायलॉन नको, ते पाणी पिऊन फुगतं.

पुढचा हॅच

हा उचलायचा, बिजागरीचा. इथे दोन उंबरठे लागतात, एकात एक: आतला ५० मिमी उंच, बाहेरचा ३५, मध्ये २० मिमीची पन्हळ. झाकणाची कड बाहेरच्या उंबरठ्याच्याही बाहेर उतरते. त्यातूनही आत आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि बाहेरच्या उंबरठ्याला तळाशी पाडलेल्या १० मिमी भोकांतून छपरावर जातं. भोकं मागच्या दोन कोपऱ्यांत, आणि १० मिमीपेक्षा बारीक नकोत, नाहीतर एका पिंपळपानाने बुजतात. रबर आतल्या उंबरठ्याच्या माथ्यावर, ईपीडीएमचं मऊ. या रचनेत त्याला फक्त उडालेले तुषार अडवायचे असतात, म्हणून ते कित्येक वर्षं टिकतं.

बिजागऱ्या पुढच्या बाजूला लावा. समोरून लाट आली तर ती उघडा हॅच मिटवेल. बिजागऱ्या मागे असतील तर तीच लाट झाकणाखाली शिरेल. नांगरावर असताना समोरचा वारा आत घ्यायला उलटी रचना बरी, हे खरं आहे, आणि एप्रिलमध्ये ठाण्याच्या खाडीत रात्र काढलेला माणूस त्यासाठी वाद घालेल. मी वारा सोडला.

झाकणात उजेडासाठी ॲक्रिलिक बसवणार असाल तर स्क्रूची भोकं दीड-दोन मिमी मोठी ठेवा. अर्ध्या मीटरचा तुकडा चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ दीड मिमी वाढतो आणि घट्ट भोकातून तडकतो. खाली ब्युटाइलची टेप लावा. पॉलिसल्फाइड सीलंट इथे नको, ते ॲक्रिलिकला खातं.

बोल्ट आणि रंग

प्रत्येक बोल्टचं भोक आधी दुप्पट मोठं पाडा, चक्क्याइतक्या दाट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातून बरोबर मापाचं भोक पाडा. मग बोल्टभोवती सीलंट फसलं तरी पाण्याला प्लायची कड सापडत नाही. कंटाळवाणं आहे. माझ्या छपराला अडतीस भोकं होती आणि मी छत्तीस अशी केली.

रंग पांढरा किंवा फिका पिवळा. घरच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यातलं गडद रंगाचं छप्पर तिथवर सहज पोचतं. रंग लागायलाच हवा, कारण उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून पुढे पिठासारखं झडतं. पाय घसरू नये म्हणून चालायच्या जागी शेवटच्या ओल्या थरावर साखर भुरभुरा आणि रंग सुकल्यावर पाण्याने धुवून टाका. खरखरीत खड्डे उरतात. मुंग्यांचं मात्र बघा.

पाण्याची परीक्षा

बादलीभर पाणी ओतून 'गळत नाही' म्हणू नका. एकाने बाहेरून पाइपने अर्धा तास पाणी मारायचं, सरळ वरून नाही तर पुढून, लाटेसारखं तिरकं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. आत बसणाऱ्याने आधी हॅचच्या चौकटीखाली आणि प्रत्येक बोल्टभोवती फळ्यावरचा खडू कुटून पूड लावलेली असावी. पाणी जिथे टपकतं तिथून ते आलेलं नसतं. कमानीवरून फूटभर सरकत येऊन सखल जागी पडतं. खडूतली काळपट रेघ त्याचा माग दाखवते.

माझी खरी परीक्षा जुलैत झाली, झाकणाचा सुटलेला पाय परत चिकटवल्यावर आठवड्याभराने. पारसिकच्या डोंगरावरून पाऊस आडवा येत होता, शेडच्या एका बाजूची ताडपत्री उडाली होती आणि होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, अर्ध्या केबिनपर्यंत सरळ मारा चालू होता. मी आत टॉर्च घेऊन बसलो. पन्हळीच्या भोकांतून पाण्याच्या दोन धारा बाहेर पडताना काचेतून दिसत होत्या, आणि आतला उंबरठा कोरडा होता. तासाभराने डाव्या कठड्याच्या मागच्या बोल्टखाली खडू ओला झाला, मग एक थेंब. दहा मिनिटांनी त्याच्या शेजारच्या बोल्टखाली दुसरा. अडतीसमधल्या त्या दोन भोकांच्या जागा मला पाठ होत्या.